भुईकाट्याच्या संगणकाची डिस्क भरली तेव्हा : प्रकल्प नोंदी

पारोळा तालुक्यातील एका जिनिंगवर भुईकाट्याच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम मी २०२३ च्या हंगामात पायथनमध्ये लिहून दिला होता. संगणक जुना आहे, त्यावर लिनक्स आहे आणि सारे काही ३० जीबीच्या एकाच पार्टिशनवर आहे. कापसाची भरलेली गाडी काट्यावर चढते, कापूस खाली करून रिकामी परत चढते, दोन्ही वेळा दोन कॅमेरे एकेक छायाचित्र टिपतात आणि शेवटी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बन लावलेली तीन प्रतींची पावती निघते. पांढरी प्रत शेतकऱ्याला, गुलाबी कार्यालयाला आणि पिवळी काट्यावर, अशी वाटणी आहे. २०२५ च्या जानेवारीत डिस्क भरली आणि माझ्या प्रोग्रामने त्या दिवशीची यादी स्वतःच पुसून टाकली. असाच प्रोग्राम काट्यावर, दूध संकलन केंद्रात किंवा रेशन दुकानात चालवणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी, त्यांतील चुकांसह, आहेत तशाच ठेवल्या आहेत.

११ जानेवारी २०२५, शनिवार

दुपारी साडेचारला काटेवाले आबांचा फोन आला. "भाऊ, पावती तं निंघनी, पन यादी कोरी शे!" कार्यालयाने नेटवर्कवरून दिवसाची यादी उघडली तेव्हा ती रिकामी निघाली, म्हणून त्यांनी आबांना विचारले आणि आबांनी कोणीही करील तेच केले, म्हणजे संगणक बंद करून चालू केला. तोपर्यंत दिवसाची यादी निदान प्रोग्रामच्या मेमरीत तरी शाबूत होती. संगणक बंद होताच तीही गेली.

जळगावहून एरंडोलमार्गे पोहोचेपर्यंत अंधार पडला. यादीच्या फाइलचा आकार शून्य बाइट होता. ११८ गाड्यांच्या नोंदी गेल्या होत्या. त्यांपैकी शेवटच्या २३ गाड्यांच्या पावत्या डिस्क भरल्यानंतर छापल्या गेल्या होत्या, म्हणजे त्यांची नोंद डिस्कवर कधी झालीच नव्हती. पावती झालेल्या गाड्यांचे निदान गुलाबी कागद हाती होते. खरी अडचण आवारात उभ्या असलेल्या नऊ गाड्यांची होती, कारण त्यांचे भरलेले वजन झाले होते, रिकामे व्हायचे होते, पावती निघालेली नव्हती आणि कापूस अर्धा खाली झाला होता. म्हणजे त्या शेतकऱ्यांचे भरलेले वजन जगात कुठेही लिहिलेले नसायला हवे होते. ते सापडले, कारण आबांनी भरलेले वजन खडूने ट्रॉलीच्या फाळक्यावर लिहिण्याची जुनी सवय संगणक आल्यावरही सोडलेली नव्हती. नऊच्या नऊ आकडे फाळक्यांवर होते. मागच्या वर्षी मी त्यांना "आता याची गरज नाही" असे म्हणालो होतो, हेही येथे लिहून ठेवतो.

१२ जानेवारी, रविवार

गुलाबी पावत्यांवरून सर्व नोंदी पुन्हा भरल्या. एकजण वाचणारा, एकजण टंकणारा आणि शेवटी उलटतपासणी, असे दोघांचे सहा तास गेले.

त्यानंतर काय घडले याचा छडा लावला. रिकामे वजन नंतर येत असल्यामुळे जुनी ओळ बदलावी लागते, म्हणून मी प्रत्येक गाडीनंतर दिवसाची संपूर्ण यादी नव्याने लिहीत होतो. त्यासाठी फाइल लिहिण्यासाठी उघडली की जुना मजकूर तत्क्षणी शून्य होतो आणि मग नवा लिहिला जातो. एरवी डिस्क भरलेली असली तरी जुन्या मजकुराची मोकळी झालेली जागा नव्याला पुरली असती. परंतु कॅमेऱ्याची छायाचित्रे त्याच वेळी लिहिली जात होती आणि ती जागा त्यांनी घेतली. यादीला उरले काहीच नाही. लिनक्सने चूक क्रमांक २८, म्हणजे "डिस्कवर जागा नाही", असे प्रामाणिकपणे सांगितले होते. माझ्या प्रोग्रामने ती चूक पकडली, नोंदवहीत (त्याच भरलेल्या डिस्कवरील) लिहिण्याचा प्रयत्न केला आणि गुपचूप पुढे गेला. पावती छापण्याची आज्ञा तर यादी लिहिण्याच्या आधीच होती.

दुसरी फाइल अधिक धोकादायक निघाली. प्रत्येक गाडीचे मागच्या खेपेचे रिकामे वजन आम्ही वेगळ्या यादीत शेवटी जोडत जातो. ती फाइल शून्य झालेली नव्हती, वरवर ठीक दिसत होती. तिचा आकार मात्र नेमका ६१,४४० बाइट होता, म्हणजे ४,०९६ च्या बरोबर पंधरा पट. आमच्या डिस्कवर जागा ४,०९६ बाइटच्या ठोकळ्यांनी मिळते. पंधरावा ठोकळा काठोकाठ भरला, सोळावा मिळाला नाही आणि ओळ मध्येच तुटली. शेवटच्या ओळीत एका ट्रॅक्टर-ट्रॉलीचे वजन ३,९४० किलोऐवजी ३९ किलो झाले होते. हा आकडा हास्यास्पद होता म्हणून लगेच दिसला; ३९४ च्या पुढे तुटला असता तरी दिसला असता, पण शेवटचा रकाना दराचा किंवा कटतीचा असता तर कदाचित कोणाच्याच लक्षात आले नसते.

१३ जानेवारी, सोमवार

बाहेरची १ टीबीची डिस्क ४,२०० रुपयांना घेतली आणि छायाचित्रे तिकडे हलवली. कॅमेऱ्याच्या प्रोग्रामची ३ जीबीपर्यंत फुगलेली नोंद-फाइलही पुसली, पण मोकळी जागा तिळभरही वाढली नाही. यात पाऊण तास गेला. कॅमेऱ्याच्या प्रोग्रामने ती फाइल उघडीच धरून ठेवली होती आणि उघड्या फाइलचे नाव पुसले तरी ती सोडली जाईपर्यंत तिची जागा परत मिळत नाही. पुसलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली "एलएसओएफ" हा लिनक्सचा आदेश दाखवतो. कॅमेऱ्याचा प्रोग्राम बंद करून चालू केल्यावर जागा मिळाली. आता एकूण १९ जीबी मोकळे आहेत. दुसऱ्या दिवशी संक्रांतीमुळे काटा बंद होता.

१५ जानेवारी, बुधवार

पहिला उपाय सर्वांना सुचतो तोच केला, म्हणजे लिहिण्यापूर्वी मोकळी जागा तपासायची आणि कमी असली तर लिहायचे नाही. हा उपाय दोनदा फसला.

पहिल्यांदा मी चुकीचा आकडा वाचत होतो. मोकळ्या ठोकळ्यांचे दोन आकडे मिळतात; एकात रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या, वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेली जागा धरलेली असते, दुसऱ्यात नसते. ईएक्सटी४ (आमच्या डिस्कवरची फाइल प्रणाली, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) ही राखीव जागा तयार करतानाच ५ टक्के ठेवते, म्हणजे आमच्या ३० जीबीत दीड जीबी. त्यामुळे चाचणीत डिस्क भरल्यावरही माझी तपासणी "दीड जीबी मोकळा" म्हणून हिरवा कंदील देत होती आणि पुढचेच लिखाण क्रमांक २८ देऊन पडत होते.

आकडा सुधारल्यावर दुसरी अडचण उरली, आणि ती सुधारता येण्यासारखी नाही. तपासणी आणि लिखाण यांच्या मधल्या क्षणात दुसरा कोणीही जागा घेऊ शकतो. शनिवारी छायाचित्रांनी तेच केले होते. म्हणून तपासणी ठेवली ती केवळ पूर्वसूचनेसाठी. २ जीबीखाली जागा गेली की पडद्याच्या वरच्या बाजूला पिवळी पट्टी येते. लिखाण यशस्वी झाले की नाही हे लिखाणालाच विचारायचे, हे त्या दिवशी ठरले.

१६ जानेवारी, गुरुवार

यादी थेट न लिहिता शेजारी तात्पुरत्या फाइलीत लिहायची, ती डिस्कवर खरोखर पोहोचल्याची एफसिंक या आज्ञेने खात्री करायची आणि मगच तिला जुन्या फाइलीचे नाव द्यायचे. नाव बदलणे एका घावात होते. जागा संपलीच तर तात्पुरती फाइल अर्धवट राहते, जुनी यादी तशीच राहते. ही पद्धत जुनी आणि प्रसिद्ध आहे. तरीही मला तीन ठिकाणी ठेच लागली.

तात्पुरती फाइल मी "टीएमपी" फोल्डरमध्ये केली. आमच्या संगणकावर ते फोल्डर मेमरीतील वेगळ्या फाइल प्रणालीवर आहे आणि दोन वेगळ्या फाइल प्रणालींमध्ये नुसते नाव बदलता येत नाही. क्रमांक १८ ची चूक येते. ती चूक मला दिसलीच नाही, कारण मी पायथनचे "शटिल.मूव्ह" वापरले होते. नाव बदलता आले नाही की ते निमूटपणे नक्कल करते आणि नक्कल करताना जुनी फाइल आधी शून्य करते. म्हणजे जो रोग घालवायचा होता तोच मागच्या दाराने परत आला होता. आता तात्पुरती फाइल यादीच्याच फोल्डरमध्ये होते आणि नाव "ओएस.रिप्लेस"ने बदलते, ते नक्कल करत नाही, जमले नाही तर स्पष्ट नाही म्हणते.

तिसरी ठेच दुपारी कार्यालयातून आली, यादी उघडत नाही म्हणून. पायथनने केलेली तात्पुरती फाइल फक्त मालकालाच वाचता येते आणि नाव बदलल्यावर तीच परवानगी यादीला मिळाली होती. जुन्या फाइलीची परवानगी नवीला देण्याची ओळ जोडली. नाव बदलल्यानंतर फोल्डरवरही एफसिंक करतो, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस चाचण्यांचा. डिस्क खरोखर भरून पाहण्याआधी सोपा मार्ग घेतला. लिनक्समध्ये "डेव्ह" फोल्डरात "फुल" नावाची एक खास फाइल असते. तिच्यावर काहीही लिहिले तरी उत्तर क्रमांक २८ मिळते. तिच्यावर एक ओळ लिहिली आणि प्रोग्राम म्हणाला, यशस्वी. अर्धा तास मी ती फाइलच बिघडली आहे असे समजत होतो. ओळ ६० बाइटची होती आणि पायथन ती आधी स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. बफर भरेपर्यंत किंवा फ्लश (बफर रिकामा करणे) अथवा क्लोज होईपर्यंत कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काही कळतच नाही. जागा नसल्याची चूक लिहिण्याच्या ओळीवर न येता चार ओळी खाली, फाइल बंद होताना येत होती, आणि माझे चूक पकडणारे वाक्य फक्त लिहिण्याच्या ओळीभोवती होते. आता लिहिणे, फ्लश, एफसिंक, बंद करणे आणि नाव बदलणे हे सारे एकाच संरक्षणाखाली आहे, आणि या पाचही पायऱ्या पार पडल्याशिवाय "झाले" असे म्हणायचे नाही.

पुढे ६४ एमबीची एक फाइल करून तिच्यात ईएक्सटी४ बसवले, ती डिस्कसारखी जोडली आणि काठोकाठ भरली. प्रोग्राम तरीही आरामात लिहीत राहिला. जोडण्यासाठी रूटचा अधिकार लागतो म्हणून मी प्रोग्रामही रूटनेच चालवला होता आणि रूटला त्या राखीव ५ टक्क्यांत लिहिता येते. साध्या वापरकर्त्याने चालवल्यावर हवी ती चूक मिळाली. त्यानंतर १ एमबीची टीएमपीएफएस, म्हणजे मेमरीतच राहणारी फाइल प्रणाली, वापरली. तिच्यात राखीव भानगड नाही, चाचणीसाठी तीच बरी.

त्या टीएमपीएफएसवर प्रोग्राम रात्रभर चालू ठेवला. सकाळी फोल्डरमध्ये १४,४०० रिकाम्या तात्पुरत्या फाइली होत्या. अपयश आले की दर दोन सेकंदांनी पुन्हा प्रयत्न, प्रत्येक प्रयत्नाला नवी फाइल आणि आधीची पुसण्याची आठवण कोणालाच नाही, असा आठ तासांचा कारभार झाला होता. रिकाम्या फाइली जागा खात नसल्या तरी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंदीची जागा, खातात, आणि आयनोड संपले तर कितीही जीबी मोकळे असोत, उत्तर क्रमांक २८ हेच येते. अपयशाच्या वाटेवर तात्पुरती फाइल पुसण्याची ओळ जोडली आणि आपोआप पुन्हा प्रयत्न एकदाच, असा नियम केला.

एक गोष्ट मुद्दाम केली नाही. एफसिंकच अयशस्वी झाला तर त्याच फाइलवर पुन्हा एफसिंक करून समाधान मानायचे नाही. दुसऱ्यांदा "यशस्वी" उत्तर येऊ शकते आणि मजकूर तरीही डिस्कवर नसू शकतो, कारण कर्नल न पोहोचलेली पानेही (मजकुराचे मेमरीतील तुकडे) लिहिली गेली असे समजून मोकळा झालेला असतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना २०१८ मध्ये हेच समजले आणि त्यांनी पुढे एफसिंक फसल्यावर सरळ थांबण्याचा मार्ग धरला. आमच्याकडे मजकूर मेमरीत असतो, म्हणून नवी तात्पुरती फाइल करून पहिल्यापासून लिहितो.

२२ जानेवारी, बुधवार

रिकाम्या वजनांची यादी शेवटी जोडत जाणारी असल्याने तिच्यासाठी वेगळा उपाय लागला. आता पूर्ण ओळ एकाच राइटमध्ये (कर्नलला लिहायला सांगणाऱ्या एका आज्ञेत), बफर न वापरता जाते आणि किती बाइट लिहिले गेले हे परत आलेल्या आकड्यावरून पाहतो. डिस्क भरत आली असताना राइट "चूक" न म्हणता "साठांपैकी बावीस लिहिले" असेही म्हणू शकतो. ते अपयशच समजायचे. तसे झाले किंवा चूक आली, तर फाइल आधी टिपून ठेवलेल्या लांबीपर्यंत कापून टाकतो. ईएक्सटी४ वर कापायला नवी जागा लागत नाही, त्यामुळे भरलेल्या डिस्कवरही हे जमते. शिवाय प्रोग्राम सुरू होताना शेवटची ओळ पूर्ण आहे का ते तपासतो, कारण ओळ लिहिताना वीज गेली तर कापायला कोणी शिल्लक नसतो.

दोन तासांचे काम होते, दोनच तास लागले. या प्रकल्पात असे एकदाच घडले.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज क्रम बदलला, म्हणजे आधी नोंद, मग पावती. नोंद डिस्कवर पोहोचली नाही तर प्रिंटर हलायचाच नाही. जिनिंगच्या मालकांना हे पटेना. त्यांचे म्हणणे, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली असताना पावती अडली तर काट्यावर भांडणे होतील. माझे म्हणणे, पावती आहे आणि नोंद नाही यातून होणारे भांडण आठवड्याने होते आणि तेव्हा फाळक्यावरचा खडू पुसलेला असतो. शेवटी तडजोड अशी ठरली की काट्यावर छापील कोऱ्या पावत्यांचे एक पुस्तक राहील आणि प्रोग्राम अडला तर आबा हाताने पावती करतील.

पडद्यावरचा संदेश तीनदा लिहिला. पहिला "चूक २८ : फाइल लिहिता आली नाही" असा होता, आबांनी तो वाचून ठीकचे बटण दाबले आणि पुढची गाडी घेतली. दुसरा इतका लांब होता की कोणी वाचलाच नाही. आता लाल पट्टीवर मोठ्या अक्षरांत एवढेच येते : "ही गाडी नोंदली गेली नाही. संगणक बंद करू नका. वजन पुस्तकात लिहा." यातले मधले वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ११ तारखेला खरे नुकसान संगणक बंद केल्यामुळे झाले.

त्याच बरोबर २०० एमबीची एक राखीव फाइल ठेवली. लिहिताना क्रमांक २८ आला की प्रोग्राम ती पुसतो, छायाचित्रे घेणे थांबवतो आणि एकदा पुन्हा लिहितो. छायाचित्र नसले तरी चालते, वजन नसले तर चालत नाही. ही फाइल मी प्रथम दोनशे एमबीच्या टोकाला एक बाइट लिहून केली होती. यादीत ती २०० एमबी दिसत होती, पण प्रत्यक्षात तिने एकच ठोकळा अडवला होता. मधला सारा भाग पोकळ. पुसून हाती चार केबी आले असते. आता ती "पोझिक्स फॉलोकेट"ने करतो, त्याने ठोकळे खरोखर अडवले जातात.

२७ जानेवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत काट्यावरच रंगीत तालीम घेतली. डिस्क मुद्दाम भरली, आबांनी नेहमीप्रमाणे गाडी घेतली. पहिल्या खेपेस राखीव फाइल पुसली जाऊन नोंद झाली. पुढे मोकळी झालेली जागाही मी भरून टाकली, तेव्हा पट्टी लाल झाली, पावती अडली, यादी शाबूत राहिली आणि आबांनी पुस्तक उघडले. आतापर्यंतचा हिशोब असा आहे : माझे ३७ तास, पारोळ्याच्या पाच फेऱ्या आणि डिस्कचे ४,२०० रुपये. पैकी प्रोग्रामचे खरे लिखाण सहा तासांपेक्षा जास्त नसावे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आबांचा फोन आला, "भाऊ, पट्टी पिवळी व्हई गयी." मला वाटले तपासणीचा आकडा पुन्हा चुकला, कारण छायाचित्रे तर बाहेरच्या डिस्कवर जात होती. ती जात नव्हती. २९ जानेवारीला कोणीतरी कॅमेऱ्याच्या छायाचित्रांचा दर्जा वाढवून प्रत्येक छायाचित्र ४०० केबीवरून दीड एमबीवर नेले होते, आणि ३० तारखेच्या संध्याकाळी बाहेरच्या डिस्कची वायर काढून तेथे मोबाइल चार्जिंगला लावला होता. दुसऱ्या दिवशी संगणक डिस्कशिवाय सुरू झाला. डिस्क जेथे जोडायची ते रिकामे फोल्डर मूळ पार्टिशनवर होतेच, म्हणून छायाचित्रे रोज एक जीबीच्या वेगाने त्यातच साचत गेली. डिस्क परत लावल्यावर ती छायाचित्रे तिच्याखाली झाकली गेली आणि जागा कोण खात आहे हेच दिसेना. डिस्क सोडवून पाहिली तेव्हा सापडली.

आता छायाचित्र लिहिण्यापूर्वी ते फोल्डर खरोखर जोडलेली डिस्क आहे का हे प्रोग्राम तपासतो, आणि डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरात कोणालाच लिहिता येऊ नये म्हणून ते "चॅटर" या आदेशाने कुलूपबंद केले आहे. मोबाइलसाठी काट्याच्या केबिनमध्ये वेगळा प्लग काढून दिला. वायरमनने १८० रुपये घेतले. फाळक्यांवरचा खडू चालूच आहे, आणि या वेळी मी काही बोललो नाही.